लातूरची गंजगोलाई : एका बाजार-इमारतीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

आपल्या वार्षिकांकात इतिहासावरचा लेख म्हटला की तो बहुधा वसईच्या किल्ल्यावर असतो, नाहीतर सोपाऱ्याच्या स्तूपावर. ते स्वाभाविकही आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढलेला स्तूप ज्यांच्या दाराशी आहेत, त्यांनी दुसरीकडे कशासाठी पाहावे? तथापि किल्ला हा सत्तेचा असतो आणि स्तूप धर्माचा. ज्या इमारतीच्या आधाराने माणसे रोज मिरची, गूळ, लुगडी आणि वहाणा विकतात व विकत घेतात, तिला आपण इतिहासात धरीत नाही. तिला आपण ‘मार्केट’ म्हणतो आणि पिशवी घेऊन आत शिरतो.

अशाच एका इमारतीविषयी मी लिहिणार आहे. ती आपल्या तालुक्यातली नाही, लातूरची आहे. तिचे नाव गंजगोलाई. हा विषय घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. नालासोपारा-विरारच्या चाळींतून मराठवाड्याकडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांत आमचे एक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले, हे वाचकांना आठवत असेल. त्याच उन्हाळ्यात आम्ही इकडे आलो. माझे आजोबा लातूरच्या गंजात व पुढे मार्केट यार्डात हमाल होते आणि आजी गोलाईपाशी टोपली घेऊन बसे. आमच्या घरात सही करता येणारे पहिले माझे वडील आणि महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिली मी. तेव्हा ज्या इमारतीवर आमचे घर चालले तिचा अभ्यास करावा, असे मला वाटले.

प्रथम नावाकडे पाहू. ‘गंज’ हा शब्द फारसीतला. त्याचा मूळ अर्थ खजिना किंवा साठा. त्यावरून धान्याचे कोठार आणि मग धान्याचा बाजार असा अर्थ झाला. हैदराबादेतील अफजलगंज, उस्मानगंज ही नावे याच घरची. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या मोठ्या उभट पातेल्यालाही गंज म्हणतात. त्या गंजाचे फारसीशी काय नाते ते भाषेच्या प्राध्यापकांनी सांगावे. पण ज्यात पुष्कळ मावते तो गंज, एवढे लहानपणापासून आम्हांला ठाऊक होते. ‘गोलाई’ म्हणजे वर्तुळाकार. परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या गावी अशा बाजाराला ‘मोंढा’ म्हणतात. लातूरने आपल्या बाजाराला त्याच्या आकाराचे नाव दिले.

गंजगोलाईची मुख्य इमारत १९१७ सालची आहे. ती दुमजली, प्रशस्त आणि गोल असून मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे. या गोलाला सोळा रस्ते येऊन मिळतात. आराखड्याच्या संदर्भात नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचे नाव घेतले जाते. त्या काळी लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९११ पासून गादीवर मीर उस्मान अली खान होते. लातूरला स्वतःचा जिल्हा मिळाला तो फार पुढे, १६ ऑगस्ट १९८२ रोजी. गोलाई बांधली गेली तेव्हा ते उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते.

अशा गावात एवढी इमारत का उभी राहावी? राजाची लहर हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. उत्तर रुळांवर आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या ‘बार्शी रोड’हून, बार्शीपर्यंत सुरू झाली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. हीच गाडी १९०६ साली पंढरपूरला आणि १९११ साली लातूरला पोहोचली. १९११ आणि १९१७ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली की गोलाईचे कारण समजते. आगगाडी येण्यापूर्वी बालाघाटच्या पठारावरचे धान्य बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून दूर जात असे. जाईपर्यंत भाव काय राहील याचा नेम नसे. आगगाडी आली आणि आसपासच्या गावांचा माल लातूरला येऊन थांबू लागला. माल थांबला म्हणजे तो उतरवणारा, मोजणारा, साठवणारा, त्यावर उसने देणारा असे सगळेच थांबतात. त्यांना जागा हवी.

येथे हमालांविषयी एक गोष्ट सांगते, कारण पुस्तकांत ती क्वचितच असते. बार्शी लाइटचे रूळ अरुंद आणि कुर्डुवाडीहून मुंबईकडे जाणारे रूळ रुंद. त्यामुळे लातूरला डब्यात भरलेले प्रत्येक पोते कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. ही रेल्वे १९५४ साली सरकारने घेतली आणि या मार्गाचे रुंदीकरण २००८ पर्यंत पूर्ण झाले. तोपर्यंत ज्वारीचे एक पोते मुंबईला यायचे तर ते किती पाठींवरून येत असे, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आता लातूरहून मुंबईला थेट गाडी येते. ती पकडून आम्ही इकडे आलो.

आता आकाराकडे वळू. आपल्या महाराष्ट्रातील जुना बाजार बहुधा लांबट असतो. पेठ म्हणजे एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने, पुढे ओटा, मागे वखार, वर माळा. वसई गावातला बाजारही याच रीतीचा. अशा बाजारात वेशीजवळच्या दुकानाला गिऱ्हाईक आधी मिळते आणि शेवटच्या दुकानाला उरलेसुरले. गोलाला वेस नाही. सोळा रस्त्यांपैकी कोणत्याही रस्त्याने आलात तरी मधली इमारत सारख्याच अंतरावर. कागदावर हे रस्ते अगदी समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस अंश येतात. प्रत्यक्ष गाव काही कंपासपेटीने बांधत नाहीत, पण कल्पना तीच.

दुसरे कारण मला आजोबांच्या बोलण्यातून सुचले. बैलगाडी पुढे जाते, वळते, परंतु तिला मागे घेणे हे महाकठीण काम. जू मानेवर असते. बैल मागे रेटायचे म्हणजे दोन माणसे पुढे आणि एक चाकाला हवा. अरुंद पेठेत समोरासमोर दोन भरलेल्या गाड्या आल्या की शिव्यांचा बाजार सुरू होतो. गोलात गाडीला मागे यावेच लागत नाही. एका रस्त्याने शिरावे, माल टाकावा, तसेच पुढे फिरून हव्या त्या रस्त्याने बाहेर पडावे. आराखडा करणाऱ्याच्या मनात हेच होते असे माझे म्हणणे नाही, पण सुगीच्या दिवसांत शेकडो गाड्या येणाऱ्या गावाला हा आकार मानवला असणार यात मला शंका वाटत नाही. आजोबांना लिहिता-वाचता येत नाही, पण गोलाईविषयी ते सांगतात ते असे : “पोरी, गोलाईत माणूस चुकत न्हाई. चुकला तर येढा मारून पुन्हा तिथंच येतंय. कुणाला इचारायची गरज न्हाई.”

पाट्या वाचता न येणाऱ्या माणसासाठी या गावाची आणखी एक सोय होती. प्रत्येक रस्त्याचा माल ठरलेला. कापड लाईन, सराफ लाईन, भुसार लाईन ही नावे आजही पत्त्यांत लिहितात. एकीकडे सोने-चांदी, एकीकडे जोडे-वहाणा, एकीकडे हातमागाचे कापड, एकीकडे मिरची आणि गूळ. डोळे मिटूनही माणूस कोठल्या लाईनीत आहे ते नाकाने सांगू शकेल. ‘लाईन’ हा इंग्रजी शब्द लातूरने ‘आळी’च्या जागी इतका सहज बसवला आहे की आजी त्याला मराठीच समजते. मीही पुष्कळ दिवस समजत होते.

वाचकांपैकी अनेकांनी पुण्याची मंडई पाहिली असेल. ती १८८६ सालची. मूळ नाव रे मार्केट. तीही मध्यबिंदूभोवती रचलेली आहे : मध्ये अष्टकोनी भाग व मनोरा आणि त्यातून निघालेल्या आठ भुजा. परंतु तेथे भुजा छपराखाली आहेत. बाजार इमारतीच्या आत बसतो. गोलाईच्या भुजा म्हणजे गावाचे रस्ते. इमारत कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते ते नेमके दाखवता येत नाही. दिल्लीचे प्रसिद्ध कॅनॉट प्लेस हेही वर्तुळाकार, पण त्याचे बांधकाम १९२९ नंतरचे. तोवर लातूरचे व्यापारी एका तपाहून अधिक काळ गोलात फिरत होते. मंडईविषयी एक आठवण येथे देते. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. माझ्यासारखीला या गोष्टीत दोन्ही बाजू आपल्याच वाटतात. आजोबांचे पोट बाजाराने भरले आणि मी शिकले ती शाळेमुळे.

असो. गोलाने दुकानांतला पुढचा-मागचा हा भेद पुसला. पण गाडी घेऊन आलेला कुणबी आणि गादीवर बसलेला अडत्या यांच्यामधले अंतर त्याने तसूभरही कमी केले नाही. अभ्यास करताना मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती हीच बाब. इमारतीच्या वर्णनात ती सापडत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझे पणजोबा जवळच्या एका खेड्यातून ज्वारी आणि करडई घेऊन गंजात येत. त्या काळचा व्यवहार आज आपल्याला परक्या देशातला वाटेल. संस्थानाचे नाणे वेगळे, त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजांच्या मुलखातला रुपया तो कलदार. १०० कलदार घ्यायला सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. लातूरचा माल बार्शीकडे गेला की तो इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्यात जाई, म्हणजे नाणे बदले. शिवाय संस्थानची जकात असे, तिला करोडगिरी म्हणत. १८०२ च्या व्यापारी तहाने तिचा दर शेकडा पाच ठरलेला होता. (त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी आपल्या वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. एका वर्षात दोन तह. एकाने पेशवाई बांधली गेली आणि दुसऱ्याने ज्वारीच्या पोत्यावरची जकात.) आता ज्याला एकच नाणे आणि एकच माप ठाऊक आहे, अशा शेतकऱ्याला भाव सांगितला तो हालीत की कलदारात, जकात धरून की वगळून, हे कोण समजावणार? समजावणारा अडत्याच, आणि त्याचे हित समजावण्यात नव्हते.

भावही उघड्यावर ठरत नसे. खरेदीदार आणि अडत्या यांचे हात रुमालाखाली जात, बोटे दाबली जात, माना हलत आणि सौदा होई. ज्याचा माल तो बाजूला उभा. मग मापाडी येई. मापाच्या वेळी कडता म्हणून थोडे धान्य वजा होई. ओलाव्यासाठी, मातीसाठी, नमुन्यासाठी. त्यानंतर हमाली, तोलाई, अडत आणि धर्मादाय. धर्मादायाची गंमत अशी की दान शेतकऱ्याच्या पैशातून जाई आणि पुण्य कोणाच्या नावे जमा होई ते सांगायला नको. पणजोबांनी एकदा ओळखीच्या एका अडत्याला, “माझं पोतं घरी भरलं तवा इतकं व्हतं, हितं कमी कसं?” असे विचारले. उत्तर मिळाले, “रस्त्यात सांडलं असंल.” हा संवाद आमच्या घरात म्हणीसारखा वापरतात. वडिलांच्या पगारातून काही कापून आले की आजी म्हणते, रस्त्यात सांडलं असंल.

हे केवळ लातूरचे दुखणे नव्हते. देशभर बाजाराची हीच रीत होती आणि ती मोडण्याचा पहिला प्रयत्न आपल्याच भागात झाला. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तोही हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने असे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली आणि १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली, हैदराबाद संस्थानाने आपला कृषी बाजार कायदा केला. परवान्याशिवाय अडत्या नको, परवान्याशिवाय मापाडी नको, वजावट ठरल्याबाहेर नको, बाजारावर समितीची देखरेख हवी, ही या कायद्यांची दिशा. रुमालाखालचा भाव हळूहळू लिलावाच्या उघड्या बोलीत आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. हाली शिक्काही पुढील काही वर्षांत चलनातून गेला. १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि शेर, मण यांची जागा किलो-क्विंटलने घेतली. राज्याचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला.

म्हणजे गोलाई १९१७ ची आणि तिच्या तराजूला शिस्त लावणारा कायदा १९३० चा. मधल्या तेरा वर्षांत इमारत तीच होती, रस्ते तेच होते, देवीही तीच होती. गोलाई भव्य आहे, सुंदर आहे, हे मला मान्य आहे. परंतु पणजोबांच्या पोत्यातले धान्य ‘रस्त्यात सांडणे’ थांबवण्याचे काम तिच्या भिंतींचे नव्हते. बाजाराची इमारत अभ्यासताना तिच्या कमानी मोजाव्यात तसे तिच्यातले कडतेही मोजावेत, असे माझे मत झाले आहे. आमच्या सरांना ते मांडले तेव्हा ते म्हणाले, “मग हे दोन विषय झाले.” मला अजूनही तो एकच वाटतो.

आजोबा कामाला लागले ते या कायद्यांनंतर, सत्तरच्या आसपास. तेव्हा पोते क्विंटलाचे असे. शंभर किलो पाठीवर घेऊन फळीवरून डब्यात किंवा ट्रकमध्ये चढायचे; हातात लोखंडी आकडा, डोक्यावरून पाठीवर सोडलेले बारदान. अंबाबाईच्या नवरात्रात हमाल नऊ दिवस पायात वहाण घालत नसत. आजोबा सांगतात की त्या दिवसांत पोते हलके लागे. हे शास्त्रात बसणार नाही, पण लिहून ठेवते. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वहीपूजन करीत तेव्हा हमालांना दुकानात बोलावून नारळ आणि बत्तासे देत. वही म्हणजे काय ते आत लिहिलेले कोणाही हमालाने वाचले नव्हते, पण तिला हळदकुंकू वाहिलेले सर्वांनी पाहिले होते.

पुढे धान्याचा मोठा व्यवहार मार्केट यार्डात गेला. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे सौदे तेथे होतात. लातूरच्या डाळीचे नाव आहे ते त्या यार्डामुळे आणि गावातल्या डाळमिलांमुळे. ट्रकला गोलाई पुरत नाही. बैलगाडीला जो आकार सोयीचा, तोच दहा चाकांच्या गाडीला फास. ज्या गंजामुळे गोलाईला नाव मिळाले तो गंज बाहेर पडला आणि नाव मात्र मागे राहिले. आता तेथे किरकोळ बाजार आहे : कापड, दागिने, भांडी, वहाणा, मसाले, पूजेचे साहित्य. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यातून माणसे येतात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने जिल्हा उद्ध्वस्त केला, २०१६ च्या पाणीटंचाईने तो सुकवला. बाजार दोन्ही वेळा बसला आणि दोन्ही वेळा उठला.

आपल्याकडच्या बाजाराशी ताडून पाहिले म्हणजे याचे मोल अधिक कळते. येथे १८६४ साली रेल्वे आली ती वसई गावापासून काही किलोमीटर दूर. स्टेशनाला ‘वसई रोड’ नाव पडले आणि गावचा जुना बाजार एका बाजूला राहिला. विरारपर्यंत १९३६ साली विजेची गाडी आली. तेव्हापासून आपला बाजार स्टेशनाच्या जिन्याशी वाढतो आहे. सकाळी पहाटेच्या गाडीने भाजी-फुलांच्या टोपल्या मुंबईला जातात, संध्याकाळी उतरणाऱ्या गर्दीच्या तोंडाशी दुसऱ्या टोपल्या मांडल्या जातात. बाजाराचा नकाशा कोणी काढला नाही. तो लोकलच्या वेळापत्रकाने काढला. दोन्हीकडे रेल्वेनेच बाजार आणला. लातूरने सहा वर्षांत त्याच्यासाठी एक आकार उभा केला. आपण दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी जिन्याखाली जागा शोधतो आहोत.

तेव्हा गोलाईचे जतन व्हावे याविषयी दुमत नसावे. पण जतन कशाचे, हा प्रश्न आहे. जुन्या इमारतीच्या जतनाचा विचार सुरू झाला की पहिले वाक्य बहुधा असे असते की परिसर मोकळा करावा, हातगाडे हटवावेत, दिवे लावावेत. वाहतुकीची अडचण खरी आहे. रुग्णवाहिका अडकलेली मीही पाहिली आहे. तरीपण टोपल्या आणि हातगाडे काढून टाकलेली गोलाई कशी दिसेल, ते डोळ्यांपुढे आणून पाहावे. ती छायाचित्रात सुंदर दिसेल. तिच्यात बाजार राहणार नाही, किंवा राहील तो फक्त भाडे भरू शकणाऱ्यांचा.

या संदर्भात एक कायदा आपल्या सर्वांना ठाऊक असावा : पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. त्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी संज्ञा आहे. म्हणजे जेथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत अशी जागा. पुनर्वसनाच्या तत्त्वांत असेही म्हटले आहे की ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेत्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा केला आहे, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. वारसा हा शब्द कायद्याने दगडावरून उचलून टोपलीला लावला आहे. वाचनालयात हे कलम वाचले तेव्हा मी ते दोनदा वाचले आणि घरी जाऊन आजीला समजावून सांगितले. तिने विचारले, “पन्नास वर्सं झाली हे कोन सांगनार?”

हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारलेला आहे, असे मी मानते. गोलाईची इमारत १९१७ ची आहे हे सर्वत्र लिहिलेले सापडते. तिच्या पायाशी कोण कधीपासून बसते, याचे बखर, दप्तर, शिलालेख काही नाही. दुकानाला भाडेपावती असते, वीजबिल असते. टोपलीला साक्ष फक्त शेजारच्या टोपलीची. म्हणून या दिवाळीत मी आजीजवळ बसून एक यादी करायला घेतली. १९७२ च्या दुष्काळानंतर आजी तेथे लिंबे आणि कोथिंबीर घेऊन बसू लागली. त्याआधी त्याच जागी पणजी बसत असे. तिची टोपली वाटाण्या-हरभऱ्याच्या डहाळ्यांची. आजीच्या डाव्या हाताला बांगड्यांची पाटी घेऊन एक चाची, तिच्यानंतर तिची सून. उजव्या हाताला केरसुण्या व शिंकाळी विकणारा एक म्हातारा, तो गेल्यावर त्या जागी प्लास्टिकच्या चाळण्या आल्या. समोर कुलपे दुरुस्त करणारा. त्याच्या पलीकडे सुगीत विळ्यांना धार लावून देणारे दोघे भाऊ, एरवी ते दिसत नसत. यादीत आतापर्यंत तेवीस टोपल्या झाल्या आहेत, आणि त्या सोळांपैकी दोनच रस्त्यांच्या तोंडाच्या आहेत.